मधली सुट्टी

साडेबाराला साइट बंद होते.
जून ते ऑगस्ट, सरकारी नियम:
साडेतीनपर्यंत उघड्यावर कुणी राबायचं नाही.
हेल्मेट काखेत मारून मी रुवीतल्या आमच्या इमारतीचे
तीन मजले चढतो. लिफ्ट आज पुन्हा रुसलेली.
दार उघडताच एसीच्या गारव्याआधी
मल्हारचा प्रश्न अंगावर येतो:
"आता काय करायचं?"

सुट्टी लागून एकोणीस दिवस.
बाहेर सत्तेचाळीस. बागेतली घसरगुंडी म्हणजे तवा.
कॅरमची राणी सोफ्याखाली गेली ती गेलीच.
यांची आई दवाखान्यात, दुपारच्या पाळीला,
फ्रिजवर तिची चिठ्ठी:
"चिप्सची पाकिटं बंद. घरचं काहीतरी द्या."

घरचं काहीतरी.
सिमेंट-वाळूचं प्रमाण मी झोपेतही सांगेन,
चिवड्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पातळ पोहे बाल्कनीत पसरले.
म्हटलं, एवढं ऊन, तेही फुकटचं.
पण डोंगरापलीकडून समुद्र हात लांबवतो,
आज हवाच ओल्या टॉवेलासारखी.
पोहे मऊ पडले, माझा चेहराही.
शर्वी म्हणाली, "एसीच्या मागे ठेवू या."
बाहेरचा तो डबा, ज्याच्या घरघरीला
आम्ही वर्षभर शिव्या देतो,
गरम फूत्कार टाकत उभा होता.
चाळणीत पोहे, वरून पंचा घट्ट बांधलेला.
दहा मिनिटांत
बोटांत चुरा होईल असे.

मग कढई. "लांब उभे राहा."
मोहरी तडतडली, मल्हारनं टाळ्या पिटल्या.
कढीपत्ता केरळातून विमानानं आलेला,
शंभर बैसाला जुडी,
आमच्याहून स्वस्तात प्रवास करणारा.
शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप,
एकेक जण गेटवर सही करून आत.
हळद जरा जास्तच सांडली.
ओटा पिवळा, मल्हारचं नाक पिवळं.

शेजारचा शेबिन केळ्याचे वेफर्स घेऊन आला,
खालच्या मजल्यावरची हबीबा
भाजलेल्या कलिंगडाच्या बिया,
घामेजल्या मुठीत मावतील तेवढ्या.
"चिवड्यात हे नसतं," मी म्हणालो.
"कुठल्या चिवड्यात?" शर्वीनं विचारलं,
आणि मी पार सांगलीपर्यंत जाऊन
रिकाम्या हातानं परत आलो.

शेवटी खजूर. बारीक चिरून.
खजूर!
मी डोळे मिटून घेतले.

परातीत आठ हात.
"हलक्या हातानं रे, पोहे मोडतील."
हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं?
आवाज तर आत्याचा होता.

गोड, तिखट, खारट,
आणि चावता चावता मध्येच बी.
छान म्हणवत नाही.
पण परात निम्मी झाली होती
आणि "काय करायचं" कुणीच विचारत नव्हतं.

"बाबा, ही तुमची मधली सुट्टी ना?"
"हो."
"मग घंटा कधी होते?"
मी घड्याळाकडे पाहिलं. तीन.

शर्वीनं एक पिशवी भरून रबर लावलं,
वहीच्या कागदावर लिहिलं: "तिखट नाही."
साफ खोटं.

सळ्यांच्या ढिगाआड पिशवी फिरली.
रामबिलासला मीठ कमी वाटलं.
टेकबहादूर मुकाट
नुसता खजूर वेचत राहिला.

हेल्मेट चढवलं तर कानामागे काहीतरी टोचलं.
आतल्या पट्ट्यात अडकवलेला
एक शेंगदाणा,
शेजारी पिवळ्या बोटाचा ठसा.

क्रेन फिरू लागली. कुणीतरी हाक मारली.
मी तो दाणा खाल्ला नाही,
पट्ट्यातच राहू दिला
सुट्टी होईपर्यंत.